माइकवरचं गाऱ्हाणं

चि. अनिल यास,

कबड्डी लीगच्या स्मरणिकेसाठी ‘संघमालकाची ओळख’ लिहून द्या, असं सांगून गेलास त्याला बरेच महिने झाले. स्मरणिका केव्हाच निघाली. माझं पान वेळेत आलं नाही म्हणून त्या जागी तुझ्याच आंबापल्पची जाहिरात गेली, ते एका अर्थी बरंच झालं. तेव्हा लिहिलं असतं तर तेही जाहिरातच झालं असतं. आता लिहिते. तू दोन दुपारी मालगुंडला माझ्या ओटीवर बसून सांगितलंस ते, तिसऱ्यांदा आलास तेव्हा अर्धवट बोललास ते, आणि मी स्वतः मंडपात बसून पाहिलं ते. ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ असं लिहिलं तर दर ओळीला मध्ये तोंड घालशील, म्हणून पुढे तुला परका माणूस करून लिहिते. चहा घे आणि शेवटपर्यंत वाच.

अनिल सखाराम धनावडे हे नाव रत्नागिरीत कोणाला सांगावं लागत नाही. आंब्याच्या मोसमात त्याच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागते आणि उरलेलं वर्षभर त्याच्या तोंडाची चर्चा चालते. अनिल जे वाटेल ते बोलतो. एका लग्नात त्याने वरबापाला सांगितलं की तुमचं पन्हं पाणचट आहे, कैऱ्या कमी पडल्या असतील तर मला फोन करायचा होता. परगावच्या एका गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाला, तुमच्याकडे पिकतो तो आंबा नव्हे, साल असलेला बटाटा. वर ‘मी तोंडावर बोलतो, राग मानू नका’ हे ठरलेलं. लोक राग मानत नसत. अनिल मुंबईत दुसऱ्याच्या गोदामात हमाली करायचा तेव्हाही त्याची जीभ हीच होती, पण तेव्हा त्याला फटकळ म्हणत. कारखाना झाल्यावर तो स्पष्टवक्ता झाला.

त्याने कबड्डीचा पहिला संघ घेतला तो जिल्ह्याच्या लीगमध्ये, पुरुषांचा. ‘धनावडे डॅशर्स’. खेळाडू पालघरचे, सांगलीचे, एक तर थेट हरियाणाचा. अंगाने रेड्यासारखी पोरं, चढाईला गेली की समोरचा कोपरा आपोआप मागे सरकायचा. दुसऱ्याच वर्षी डॅशर्सनी चषक आणला. त्या संध्याकाळी अनिल मैदानाच्या कडेला सोफ्यावर बसला होता, गळ्यात हार, हातात चषक, आणि लोक टाळ्या वाजवत होते. भाषण संपल्यावर वाजवतात तशा. त्याच वेळी पलीकडे राजापूरकडच्या एका गावाचा हरलेला संघ निघाला होता. त्यांच्या कप्तानाला गावाने खांद्यावर घेतलं होतं. बायका रडत होत्या, एक म्हातारा त्या पोराचा खरचटलेला गुडघा स्वतःच्या टोपीने पुसत होता. अनिलने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला होता. म्हणाला, “काकू, हरलेल्याला खांद्यावर घेतात आणि माझ्या जिंकलेल्यांना नुसत्या टाळ्या. तेव्हाच ठरवलं, दुसरा संघ घ्यायचा. ज्याच्यासाठी कोणीतरी रडेल असा.”

असा संघ कुठे मिळतो हे शोधायला त्याला लांब जायचं नव्हतं. त्याचं स्वतःचं गाव आगरकोंड. त्या गावाचं केदारलिंग क्रीडा मंडळ, आणि त्या मंडळाचा मुलींचा संघ. भातकापणी झाली की मळ्यातली एक चोंढी, म्हणजे भाताचं खाचर, सपाट करून, शेण-माती चोपून मुली तिथे खेळायच्या. त्यांना शिकवायचा शिवा रामाणे. हा शिवा पूर्वी लोट्याला कंपनीत पाळ्या करायचा आणि सुटीच्या दिवशी गावच्या संघातून चढाया. गुडघा गेल्यावर गावी आला आणि आपलं उरलेलं वेड त्याने पोरींच्या अंगात उतरवलं. कप्तान त्याचीच पुतणी, सानवी. लुकडी, पण पकडीत घुसली की मुंगळ्यासारखी चिकटणारी. तालुका, जिल्हा, सगळीकडे या पोरींचं नाव झालं होतं, आणि लीगमध्ये नुकताच महिलांचा विभाग सुरू झाला होता.

अनिल गावात गेला तो मोठी गाडी घेऊन. देवळासमोर बैठक बसली. इथे त्याने पहिली माती खाल्ली. देणगी म्हणाला असता, आधार म्हणाला असता, तर गावाने त्याला चहा पाजला असता. पण स्पष्ट बोलायचं व्रत! तो उभा राहून म्हणाला, मंडळ तुमच्याच्याने चालत नाही, पोरी अनवाणी खेळतात, मी हे मंडळ विकत घेतो.

‘विकत’ हा शब्द देवळासमोर पडला. मग कोपऱ्यातून शिवा म्हणाला, “मंडळाला नाव द्येवाचा हाय अनिलदादा. द्येवाचा इकायचा तर आमाला इचारून काय व्हायचा? द्येवाला इचार.”

लोक हसले. बैठक मोडली. एखादा दुसरा शरमून घरी गेला असता. अनिल मात्र गाडीत बसून त्या वाक्यावर विचार करत राहिला. देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा, आणि कौल कुठल्या बाजूला पडेल त्याचा भरवसा नाही. पण देवासमोर गावानेच हो म्हटलं तर?

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आमच्याकडे सणाला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकर मोठ्या आवाजात देवाला एकेक मागणं सांगतो, आणि दर मागण्यानंतर जमलेला गाव एका सुरात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” मागणं पुरतं ऐकून कोणी हो म्हणत नाही. गावकराचा सूर खाली आला की तोंडातून हुंकार आपोआप बाहेर पडतो. लहानपणापासून पडत आलेला.

आगरकोंडचे गावकर आप्पा. म्हातारे, भोळे, अनिलच्या वडिलांचे सोबती. शिमग्याच्या आधी अनिल त्यांच्या घरी गेला, पाया पडला आणि म्हणाला, आप्पा, मी मंडळाचा भार उचलतोय, गाऱ्हाण्यात माझ्यासाठी दोन शब्द घाला. आप्पांना वाटलं पोरगा खर्चाचं म्हणतोय, देवाकडे बळ मागतोय. ते गहिवरले. शब्द कुठले घालायचे ते मात्र अनिलनेच त्यांना सांगितले, पाठ करून घेतले. माझ्या ओटीवरच्या दुसऱ्या दुपारी मला हे सांगताना तो हसला होता. मीही तेव्हा त्याला काही बोलले नाही, असं नको समजायला. बोलले. त्याने ऐकलं नाही.

शिमग्याला पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली. मुंबईची माणसं आलेली, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आप्पांनी हात जोडले.

“बा देवा केदारलिंगा म्हाराजा, आज शिमग्याच्या सणाला तुजी लेकरां तुज्या पायाशी उभी हायत...”

“व्हय म्हाराजा!”

“त्येंची शेतीभाती पिकू दे, गुरांढोरां सांभाळ...”

“व्हय म्हाराजा!”

“जी पोरां मुंबैला पोटासाठी गेल्यात त्येंच्या नोकरीधंद्याला यश दे...”

“व्हय म्हाराजा!”

“आनि ह्या सखारामाच्या लेकानं आपल्या मंडळाचा भार घेतलान हाय. मंडळ त्येच्या पदरात नांदू दे, त्येच्या नावानं वाढू दे...”

“व्हय म्हाराजा!”

“पोरीबाळींची लग्नां जुळू देत...”

“व्हय म्हाराजा!”

संपलं. ढोल वाजले. अनिलची आई सोनूबाई पुढच्याच रांगेत होती, लेकाचं नाव आलं म्हणून तिने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं. शिवाने म्हटलं होतं, सानवीने म्हटलं होतं. कशाला हो म्हटलं ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनिल वकिलाला घेऊन मंडळाच्या सेक्रेटरीच्या पडवीत बसला आणि त्याने आदल्या दिवशी मोबाइलवर टिपून ठेवलेलं गाऱ्हाणं लावून दाखवलं. पदरात, नावानं, व्हय म्हाराजा. म्हणाला, देवाला विचारायला सांगितलंत, विचारलं. तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत. आता देवासमोर दिलेला शब्द मोडायचा असेल तर मोडा, माझी काही हरकत नाही.

शहरात कोणी याला हसलं असतं. आगरकोंडात कोणी हसलं नाही. सेक्रेटरीने वकिलाच्या कागदावर सही केली. शिवाला बोलावलं. त्याने ते मोबाइलवरचं गाऱ्हाणं पुन्हा लावायला सांगितलं, स्वतःचा आवाज त्यात ओळखला, आणि गळ्यातली शिट्टी काढून पडवीच्या कठड्यावर ठेवली. अनिलने त्याला मदतनीस प्रशिक्षकाची जागा देऊ केली, पगारी. शिवा म्हणाला की गुडघा दुखतो. एवढंच.

मुली ‘धनावडे डायमंड्स’ झाल्या. बूट आले, मॅट आली, मुंबईहून प्रशिक्षक आला. केदारलिंगाचं नाव जर्सीच्या पाठीवर राहू द्या, असं सानवीने एकदा म्हटलं, तर पाठीवर पल्पचं नाव आधीच छापून झालं होतं. मुलींनी खेळायचं सोडलं नाही. सोडून जायचं कुठे? आणि खेळल्याही छान. दिवाळीनंतर लीग झाली, डायमंड्स अंतिम सामन्यात गेल्या.

त्या दिवशी अनिलने आगरकोंडात गाड्या पाठवल्या. अख्खा गाव आणला, पहिल्या रांगांत बसवला, आईला आपल्या सोफ्याजवळ खुर्ची दिली. मी तिच्या मागेच होते. अनिलला खेळ बघायचाच नव्हता. तो सारखा मान वळवून गावाकडे बघत होता. हे ओरडतील, आता ओरडतील. सानवीने एका चढाईत तिघींना बाद केलं, सगळा मंडप उठला, आणि आगरकोंडच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थित, बसून. शेवटच्या मिनिटाला डायमंड्स जिंकल्या. मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि पाण्याच्या बाटल्यांकडे गेल्या. कोणी कोणाला खांद्यावर घेतलं नाही.

तेव्हा अनिलने निवेदकाच्या हातातला माइक घेतला. त्याला वाटलं आपण बोललो की गाव उठेल. आजवर त्याच्या बोलण्याने सगळं उठत आलं होतं.

“मंडळी, मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे.”

माइकवर बोलताना त्याचा आवाज चढतो आणि वाक्याच्या शेवटी खाली येतो. आवाज खाली आला, आणि आगरकोंडच्या रांगेतून यमुनाबाई, सानवीची आजी, सवयीने म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

शेजारच्या बायका दचकल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. बाकीचा मंडपही हसला. अनिलचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, आली मजा, गाव बोललं.

“ह्या पोरी मातीत अनवाणी खेळत होत्या. त्यांना मॅटवर कोणी आणलं? मी आणलं.”

“व्हय म्हाराजा.” आता पाच-सात आवाज होते.

“लोक म्हणतात, अनिलशेटला दुसरा संघ कशाला हवा होता. अरे, स्वतःच्या गावचा संघ मी नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?”

“व्हय म्हाराजा.” हा अख्खा गाव होता. पण शिमग्याचा सूर नव्हता तो. सपाट आवाज, जेवणाच्या पंगतीत नको म्हणताना असतो तसा. परगावचे लोक अजून हसत होते. अनिलला काहीतरी लागलं, पण बोलण्याच्या भरात तो थांबला नाही. तो कधीच थांबत नाही. त्याने छातीवर हात मारला.

“पाठीमागे बोलतात की मी गावाला फसवलं. आता सगळ्यांसमोर विचारतो. मी कोणाला फसवलंय?”

“व्हय म्हाराजा.”

या वेळी परगावचे हसले नाहीत. अनिल गावाकडे बघत होता आणि त्याची नजर खाली आईकडे आली. सोनूबाईचे ओठ हलत होते. आवाज तिने केला नसेल, मी मागे होते, मला ऐकू आला नाही. पण तिने म्हटलं होतं. तिला नंतर लाज वाटली असावी, तिने मान वळवून मैदानाकडे केली. सगळ्या आगरकोंडात एकाच माणसाने तोंड उघडलं नव्हतं. शिवा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता आणि खाली बघत होता. जणू माइक त्याच्याच हातात होता.

अनिलने माइक निवेदकाला दिला. निवेदकाने काहीतरी विनोद केला आणि गाणी लावली. चषक घेताना अनिलने मुलींना पुढे केलं, स्वतः मागे राहिला. फोटोत तो अर्धा कापला गेला आहे.

तिथून पुढे अनिलचं बोलणं कमी झालं. कारखान्यातल्या लोकांना वाटलं घसा धरलाय. तो आईला भेटायला गेला तेव्हा तिने विचारलं जेवणार काय, आणि वाढलं. जेवताना तो म्हणाला, आये, तू पण? तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, “शिमग्याला तुज्यासाठी म्हटलां, तवा नाय इचारलंस तू, ‘आये, तू पण?’ म्हनून. आता कशाला इचारतंयस?”

देवदिवाळीला तो देवळात गेला. मागे उभा राहिला, चपलांपाशी. आप्पांनी गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, गावाला सुखात ठेव...” आणि थांबले. पूर्वी त्यांना थांबावंच लागत नसे, सूर पडायच्या आत हुंकार यायचा. आता गाव ऐकत होतं. काय मागितलं ते मनात तपासत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग एक जण म्हणाला, मग दोघं, मग सगळे, “व्हय म्हाराजा.” पुढचं मागणं, पुन्हा तसंच. पोरीबाळींच्या लग्नाच्या मागण्यालासुद्धा लोक थांबले. आप्पांची जीभ अडखळायला लागली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. अर्ध्या वेळेत संपणारं गाऱ्हाणं लांबत गेलं आणि अनिल मागे उभा राहून प्रत्येक थांबणं मोजत नव्हता, पण एकही त्याच्या कानातून सुटत नव्हतं. कितीतरी पिढ्या विचार न करता देवाला हो म्हणत आलेलं गाव, त्या गावाला अनिल विचार करायला शिकवून गेला होता. याचा मालक तोच. प्रसाद न घेता तो निघाला.

इथून पुढे परका माणूस करून लिहिता येणार नाही, कारण यानंतर तू माझ्या ओटीवर आलास.

तू बसला नाहीस. उभ्याउभ्याच म्हणालास, काकू, चूक झाली की देवाला चुकीचा नारळ ठेवतात ना, तो मला ठेवायचाय. मंडळ परत द्यायचंय, मुलींना त्यांच्या नावाने खेळू दे. आप्पांना मी फोन करू शकत नाही, तुम्ही विचारा. मालगुंडात बसून आगरकोंडच्या देवाची चौकशी करण्याशी माझा काय संबंध, असं मी म्हटलं नाही. विचारलं. आप्पांनी सांगितलं, कुठलाही सोमवार चालेल. ज्याच्या तोंडाने चूक झाली त्याने नारळ स्वतः हातात धरायचा आणि काय चुकलं ते चारचौघांत सांगायचं. देवाला पुढचं मी सांगीन, म्हणाले. शिवाला बोलावू का, असंही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, बोलवा.

तुला हे सगळं कळवलं. तू म्हणालास, सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो, तुम्ही फक्त बरोबर चला, काही बोलू नका. मी पातळ बदलून बसले होते. तू आला नाहीस. संध्याकाळी कळलं की मशिनरी बघायला पुण्याला गेलास. पुढच्या सोमवारी तुझा ड्रायव्हर आला, एकटा. हातात सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ. शेट म्हणालेत, तुम्हीच ठेवा त्यांच्या वतीने, मी नेऊन सोडतो.

त्याला मी परत पाठवला. जरा जोरातच बोलले, तो बिचारा घाबरला आणि नारळ ओटीवरच विसरून गेला. तो मी कोनाड्यात ठेवलाय. माझ्या वतीने कबूल करायला माझ्याच पुष्कळ चुका आहेत, तुझ्या चुकीचा नारळ मी धरणार नाही. आणि तुझ्या वतीने माफी मागायला गेले तर तो गाव काय म्हणेल ते तुला ठाऊक आहे, आता ते नीट ऐकून मग म्हणतात.

परवा आप्पांचा फोन आला होता. शिवा दोन सोमवार कामाचा खाडा करून देवळात येऊन बसला होता म्हणाले. येणारा सोमवार धरू का, असं विचारत होते. मी म्हटलं, विचारून कळवते. तुझा फोन लागला नाही. त्यांना अजून कळवलेलं नाही.